गुरुवार, दहा ते एक

परळ भोईवाडा,
३ मार्च २०२५

...पिंप भरून झालं होतं आणि हंडा अर्ध्यावर आला होता. साडेपाचला पाणी येतं, सातला जातं, हे तुला सांगायला नको, पाच वर्षं तू याच मोरीत कळशी धरून बसली आहेस. भिजवलेले मूग मी फडक्यात बांधले. नाचणीच्या तीन भाकऱ्या केल्या, माझी एक मिठाची, तुझ्या मामांच्या दोन बिनमिठाच्या. सात खणांच्या डबीतून गुरुवारच्या गोळ्या वाटीत काढल्या. भाकरी मोडत ते म्हणाले, "आमटीतपण नाही का गं?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारा." ते म्हणाले, "डॉक्टर कुठे जेवतो आपल्याकडे." मग बूट घातले. नाड्या बांधायला वाकले तेव्हा धाप लागली, ती मला ऐकू येऊ नये म्हणून खोकले. फोन फडताळावर ठेवला आणि गेले. मी मोरी घासायला घेतली.

जय भीम. हे आधी लिहायचं असतं, पण पेन हातात घेतलं आणि सकाळच उतरली. जय भीम माणूस बघून घालायचा नसतो म्हणून घातला आहे. बाकी मायना तुला मिळणार नाही.

त्या दिवशी सहा फेब्रुवारी होती. दुपारी साडेतीनला चौकीतला हवालदार दारात आला आणि राजाराम गमरे इथेच राहत होते का म्हणून विचारलं. "राहत होते" म्हणाला, त्यावरून मला कळलं. रे रोडला कुठेतरी छातीत कळ आली, कोणीतरी टेम्पोत घालून इस्पितळात नेलं, बाराच्या सुमाराला संपलं. खिशातल्या पेन्शनच्या कार्डावरून पत्ता काढला. चार तास माझा नवरा बेवारस पडून होता, अक्षता. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि चार तास बेवारस.

तू मामांच्या पुण्यानुमोदनाला आली होतीस. मागच्या रांगेत, शेजारच्या कोंडीरामभाऊंच्या आड बसली होतीस. मी पाहिलं. तेव्हा मला वाटलं, मामाला रडते आहे. त्यानंतर चार दिवसांनी मी वाचनालयाचं पुस्तक परत करायला काढलं आणि त्यात एक घडी घातलेला कागद मिळाला. त्यावर पाच गोल. शरीर, सुरक्षितता, आपलं माणूस, मान, मोकळीक. प्रत्येक गोलात तुझ्या मामांच्या अक्षरात दहापैकी गुण. खाली "माझं ध्येय", आणि त्याखाली: दर गुरुवारी दहा ते एक, फोन घरी ठेवून, एकट्याने बाहेर, कुठे ते कोणाला न सांगता. आणि बाजूला तिरप्या हातात, "हे जमेल, मामा." ते तिरपं अक्षर मी ओळखते. ते वळण मी तुला लावलं. तू बारा वर्षांची दापोलीहून आलीस तेव्हा तुला धड नाव लिहिता येत नव्हतं, आणि मी स्वतः चौथी शिकलेली, रोज भाकऱ्या झाल्या की तुला पाटीवर बसवायची.

म्हणजे सोमवारी संध्याकाळी मी वाचनालयात गेले की हे दादरला तुझ्या समुपदेशन केंद्रात येत होते. आणि गुरुवारी मला "निवृत्त कामगारांची बैठक आहे" सांगून तुझं ध्येय पार पाडत होते. बायपास झालेला माणूस, सदुसष्ट वर्षांचा, त्याला तू फोन घरी ठेवायला शिकवलंस. फोन जवळ असता तर मला कळलं असतं. मी पोचले असते.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. चार महिने त्यांनी तुला काय सांगितलं ते, आणि रे रोडला ते काय करत होते ते. पंधरा दिवसांत कळव. नाहीतर तुझ्या केंद्राच्या विश्वस्तांकडे मी अर्ज देणार आहे. मला अर्ज लिहिता येतो.

कमळ राजाराम गमरे


परळ भोईवाडा,
२० मार्च २०२५

अक्षता,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. त्यात "मामी" अकरा वेळा आहे आणि उत्तर एकदाही नाही.

तू म्हणतेस, खोलीत बोललेलं खोलीत राहतं, माणूस गेल्यावरसुद्धा. कुठली खोली गं? मी दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलं. या खोलीत बाळंतपण झालं, सासऱ्यांचं आजारपण झालं, तुझी पहिली पाळी झाली. इथे कोणाचं काय लपलं? आणि दादरच्या एका खोलीत, जिथे मी पाय ठेवलेला नाही, तिथे माझ्या नवऱ्याचे चार महिने कुलूपबंद आहेत आणि किल्ली तुझ्याकडे.

नातेवाइकाला घ्यायचं नसतं हे तुला माहीत होतं, असंही तू लिहिलं आहेस. मामांना दुसऱ्या ताईंकडे जा म्हणून सांगितलंस, तेव्हा ते म्हणाले, "तिकडे गेलो तर पेशंट होईन, तुझ्याकडे निदान मामा राहीन." आणि तुझं मन विरघळलं. ते मन तुझ्या मामीसाठी का नाही विरघळलं? एक फोन करायचास. मामी, मामा माझ्याकडे येतो. बस, एवढंच.

तुझी पदविकेची पुस्तकं माळ्यावर ट्रंकेत आहेत. खाकी कव्हर मीच घातली होती. गरजांचं प्रकरण मी काढून वाचलं, तीनदा, शब्दकोश शेजारी ठेवून. मी शाळा सोडल्यावर जे काही शिकले ते असंच शिकले, त्यामुळे मला लाज नाही आणि घाईही नाही. त्यात पायऱ्या दिल्या आहेत. आधी भूक, तहान, झोप. मग डोक्यावर छप्पर. मग माया. मान त्याच्याही वर. खालची पायरी भरल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे बघत नाही म्हणे.

ज्याने हे लिहिलं त्याने आपली माणसं पाहिलेली नाहीत. तुझे पणजोबा दापोलीकडून चालत महाडच्या तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या पोटात काय होतं? फडक्यात बांधलेली नाचणी, तीही दुसऱ्या दिवशी संपली. घरी परत आले तर गावाने वाळीत टाकलं, छप्परही गेलं. तरी ते म्हातारे होईपर्यंत तीच गोष्ट सांगायचे, आणि उपाशी होतो हे आपणहून कधी सांगायचे नाहीत. कोणी विचारलं तरच सांगायचे. पुस्तकातल्या पायऱ्या त्यांनी वरून सुरू केल्या. हे मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. पुस्तक परत न्यायला आलीस तर वाच.

आता तुझ्या कागदाबद्दल. मी भिंगाखाली धरून पाहिला. "माझं ध्येय"च्या खाली जे लिहिलंय ते तिसरं आहे. आधीची दोन खोडली आहेत, पण तुझे मामा लाकडी साचे करणारे, रेघ हलकी आणि सरळ मारायचे, खालचं सगळं दिसतं.

पहिलं: कमळने मला एकदा विचारावं, तुम्हाला काय हवंय.

दुसरं: कमळने माझी पेटी परत आणावी.

दोन्हींच्या समोर तुझं अक्षर: "हे तुझ्या हातात आहे का मामा?"

हेही तुझ्या पुस्तकात आहे, पान एकशे बारा. ध्येय असं हवं की जे दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून नाही. लहान हवं, मोजता येईल असं हवं आणि स्वतःच्या हातातलं हवं. छान. एका माणसाने दोनदा बायकोचं नाव लिहिलं आणि तू दोनदा ते खोडायला लावलंस. तिसऱ्या वेळी त्याने बिनबायकोचं ध्येय लिहिलं, तेव्हा तू "जमेल" लिहिलंस. हा तुझा धंदा.

पेटीचं सांगते, म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलंस तर वेगळं ऐकशील. रंधे, पटाश्या, करवत, त्यांच्या वडिलांचा काटकोन बघायचा गुण्या. बायपासनंतर डॉक्टर म्हणाले धुळीपासून लांब राहा. हे ऐकेनात, गॅलरीत बसून काहीतरी तासत राहायचे आणि खोकायचे. एका सकाळी ते दवाखान्यात गेलेले असताना मी पेटी देऊन टाकली. माझ्या अभयच्या ओळखीच्या सुताराला. हे परत आले, जागा रिकामी पाहिली, काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

सुरक्षिततेच्या गोलात त्यांनी दहापैकी दहा लिहिले आहेत. शरीराला नऊ. ते एकोणीस गुण माझे आहेत, अक्षता. दोन वर्षं मीठ तोलून, गोळ्या मोजून, अभयने फोनवर लावून दिलेला नकाशा बघून मिळवलेले. मंडईत दहा मिनिटं जास्त झाली की निळा ठिपका कुठे आहे ते मी बघायची आणि फोन करायची. काळजीचं दुसरं रूप मला येत नाही.

आपलं माणूस, चार. मान, तीन. मोकळीक, एक.

अर्ज मी कालच दिला. पोच माझ्याकडे आहे.

कमळ राजाराम गमरे


परळ भोईवाडा,
१५ एप्रिल २०२५

अक्षता,

रविवारी तू आलीस आणि मी तुला आत घेतलं नाही, यावरून चाळीत दोन दिवस बोलणं चाललं आहे. काल जयंतीची एवढी गडबड, तरी मिरवणुकीत दोघींनी मला विचारलं. म्हणून जे झालं ते लिहून काढते, म्हणजे उद्या तू वेगळं सांगायला नको.

गॅलरीत निळ्या पताका बांधायचं चाललं होतं. कोंडीरामभाऊ स्टुलावर होते. तू जिना चढून आलीस, मी दाराच्या चौकटीत उभी राहिले.

मी म्हटलं, "चहा मिळणार नाही."

तू म्हणालीस, "प्यायला नाही आले, मामी."

भाऊ वरून म्हणाले, "मामी बोलत नाय तर माझ्याशी बोल गं. मला पण सल्ला दे. आमची ही माझं ऐकत नाय."

"तुम्ही तिचं ऐकता का, काका?"

"ऐकायला येतं कुठे? मशीन काढून ठेवतो ना कानातलं. म्हणून तर टिकलाय संसार."

तू हसलीस. मला हसणं आवडलं नाही, पण ओळखीचं वाटलं, हेही लिहिते. मग मी म्हटलं, "सुनावणी अठ्ठावीसला आहे. तिथे बोल काय बोलायचं ते."

"तिथे मी काही बोलणार नाहीये. नातेवाईक होते, मी घ्यायला नको होतं, हे मान्य करणार. तेवढंच."

"आणि फोन घरी ठेवायला लावलास ते?"

तू म्हणालीस, "ते फाईलमध्ये आहे. घरच्यांनी लेखी संमती दिली तर विश्वस्त फाईल उघडतील. तुला पत्र आलं असेल."

आलं होतं. आणि मी "संमती नाही" म्हणून त्याच दिवशी परत पाठवलं होतं. तुला ते माहीत होतं.

"मामी, तूच आधी मागत होतीस ना सगळं? मग नाही का म्हणालीस?"

"आमच्या घरातलं चार परक्या माणसांसमोर नको."

"बरं," तू म्हणालीस. "नको तर नको. माझी जागा जाईल, जाऊ दे. पण मामाचा शेवटचा सोमवार तीन तारखेला होता, एवढं तुला सांगते. तो काय म्हणाला ते नाही सांगत. तुला माहितीये."

तेव्हा भाऊ म्हणाले, "अगो, दोरी दे जरा," आणि तू दोरी उचलून दिलीस, वरची गाठ पण मारून दिलीस, तुझा हात पोचतो. जाताना जिन्यात थांबलीस. मी कठड्यावरून बघत होते. तू वर न बघता म्हणालीस, "रे रोडला पुलाच्या खालच्या अंगाला लाकडाच्या वखारी आहेत. रघूची वखार विचार. हे त्याने मला खोलीत नाही सांगितलं. बाहेर जिन्यात सांगितलं, चपला घालताना."

तुझं "तुला माहितीये" ही धमकी समजावी का, असा मी दोन दिवस विचार केला. धमकीच असणार. तू तोंड बंद ठेवून माझ्यावर उपकार करते आहेस आणि मला तो कळावा असंही तुला वाटतं. असले उपकार मला नकोत. म्हणून मीच लिहिते.

कागद मला ते गेल्यावर मिळाला नाही. अठ्ठावीस जानेवारीला मिळाला, ते असताना, नऊ दिवस आधी.

मी जे पुस्तक वाचत होते त्यात, जिथे माझी खूण होती त्याच पानात तो ठेवलेला होता. माझं पुस्तक या घरात दुसरं कोणी उघडत नाही. म्हणजे मलाच दिला होता. तूच सांगितलं असशील, कमळमामीला दाखव म्हणून, आणि तोंडाने जमत नव्हतं म्हणून त्यांनी पुस्तकात ठेवला. मी वाचला. खोडलेलंही त्याच दिवशी वाचलं, भिंग घेऊन. घडी होती तशी घातली आणि कागद पुढच्या पानात सरकवला. वाचलं आहे हे त्यांना कळावं इतपत.

आणि बोलले नाही. ज्या माणसाबरोबर मी बेचाळीस वर्षं एका ताटात जेवले त्याने बायकोची तक्रार भाचीकडे लिहून द्यावी आणि मग ती पुस्तकात घालून बायकोला पोचवावी, याचा मला संताप आला होता. मी ठरवलं, आधी ते तोंडाने बोलतील. ते बघत होते मी विचारते का. नऊ दिवस आम्ही दोघं "मीठ नाही का" आणि "डॉक्टरांना विचारा" एवढ्यावर राहिलो.

हे तुझ्या फाईलमध्ये असणार. "तिने वाचलं, पण काही बोलली नाही." असंच म्हणाले असतील, तीन तारखेला. बाकीचं फाईलमध्ये नाही, कारण ते तुला कळलेलंच नाही.

तू जिंकलीस असं समजू नकोस. नऊ दिवस न बोलण्याने कोणी मरत नाही. फोन घरी ठेवल्याने मरतो.

कमळ


परळ भोईवाडा,
२७ एप्रिल २०२५, रविवार

अक्षता,

गुरुवारी मी रे रोडला गेले. मुद्दाम गुरुवारी, दहाच्या सुमाराला. अभय पुण्याहून म्हणत होता थांब, मनालीला पाठवतो सोबत. मी म्हटलं, सून कशाला, मला रस्ता विचारता येतो.

वखार सापडायला वेळ लागला नाही. रघू पन्नाशीचा आहे, मालवणकडचा. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "तुम्ही कमळवहिनी." फळ्यांच्या थप्पीवर गोणपाट टाकून मला बसवलं. तिथे लाकडाचा वास इतका आहे की कपड्यांना लागतो. मी मनात हिशेब केला की गुरुवारी हे घरी यायचे तेव्हा मला तो वास का आला नाही. मग आठवलं, आल्याआल्या ते आंघोळ करायचे. मी म्हणायची, शहाणे झालात, बाहेरून आल्यावर अंग धुता.

मी विचारलं, "काय करायचे इथे?"

"रंधा मारायचे," रघू म्हणाला. "करवतीवर आम्हीच नाय बसू दिलं, छातीचं सांगितलेलं त्यांनी. तोंडाला फडकं बांधायचे आणि एक फळी घ्यायचे. गुळगुळीत झाली की दुसरी."

"काही बनवलं का?"

"नाय."

"काहीच नाही?"

"मी बोललो ना त्यांना, दादा, एखादा पाट तरी करा वहिनींसाठी. बोलले, घरी नेला तर कुठून आणला विचारेल. इथे बरं आहे, कोण विचारत नाय." मग त्याला वाटलं मला लागलं असेल, म्हणून म्हणाला, "तसं नाय वहिनी. पोरांना शिकवायचे ते. कुठल्या लाकडाचा रेषा कसा जातो ते. आमच्या शेठला पण एकदा झापला, सागवान म्हणून काय विकतोस म्हणून."

मी हसले. माझा नवरा शेठला झापतो, हे मला नवीन होतं. आमच्याकडे तो वाण्यालाही सुट्टे मागायचा नाही.

मग त्याने त्या दिवसाचं सांगितलं. साडेअकरा वाजून गेले होते. रंधा खाली ठेवला, बसले, घाम आला. रघूने टेम्पो बोलावला आणि टेम्पो येईपर्यंत घरी फोन लावला. नंबर त्यांनीच सांगितला, तोंडपाठ.

"तीनदा लावला," रघू म्हणाला. "मी बोललो, दादा, उचलत नाय. तर बोलले, उचलेल, चष्मा शोधत असेल. तिसऱ्यांदा कट झाला आणि मग बंदच लागायला लागला."

मी म्हटलं, "फोन बिघडला होता माझा."

"हां, होतं असं," तो म्हणाला, आणि त्याने मला पाणी आणून दिलं.

फोन बिघडला नव्हता. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मी खिडकीत बसून वाचत होते.

आधीच्या गुरुवारी एकच्या सुमाराला त्याच नंबरवरून फोन आला होता, "जरा उशीर होईल, तू जेवून घे." तो नंबर मी जपून ठेवलेला नव्हता, पण शेवटचे चार आकडे मला लक्षात राहिले, मला आकडे राहतात. म्हणून सहा फेब्रुवारीला तो वाजला तेव्हा कोणाचा आहे हे मला माहीत होतं. मला वाटलं, आजही उशीर. मला वाटलं, दहा ते एक कोणाला सांगायचं नाही ना, मग आता कशाला सांगता. पहिल्यांदा वाजू दिला. दुसऱ्यांदा उलटा करून ठेवला. तिसऱ्यांदा कापला आणि बंद केला, आणि हातातलं पान संपवलं. साडेतीनला हवालदार आला तेव्हा तो बंदच होता. चार तास ते बेवारस होते ते यामुळे. त्यांचा फोन फडताळावर होता त्यामुळे नाही. त्यांना माझा नंबर पाठ होता. तुझ्या ध्येयात काही कमी पडलं नाही. ते लहान होतं, मोजता येत होतं आणि त्यांच्या हातातलं होतं.

उचलला असता तर ते वाचले असते का? हे मी इस्पितळात जाऊन विचारलं होतं, फेब्रुवारीतच. डॉक्टर पोरगी होती, तुझ्याएवढी. म्हणाली, आजी, बहुतेक नाही. म्हणजे टेम्पोत फोन कानाला धरून मी काहीतरी बोलले असते, इतकंच. काय बोलले असते ते मला माहीत नाही. बहुधा गोळी घेतली का, हेच विचारलं असतं.

आता तुझ्यापुरतं. यात तुला माफी नाही. तू नात्यातल्या माणसाला घेतलंस आणि ज्या बाईच्या ताटात जेवून मोठी झालीस तिच्या पाठीमागे चार महिने तिच्या संसाराचे गुण भरून घेतलेस. पहिल्या खोडलेल्या ओळीपाशी तुला थांबायला हवं होतं. पुस्तक काहीही म्हणो, त्या माणसाला ध्येय नको होतं, निरोप्या हवा होता. तू भाची होतीस, निरोप आणू शकत होतीस. दुसऱ्या ताईंना ते जमलं नसतं, तुला जमलं असतं, आणि तेवढ्यापुरतं तू नातं विसरलीस. हे मी सुनावणीतही म्हणणार आहे, तुझ्या तोंडावर.

पण फोन घरी ठेवायला लावून तू त्यांना मारलंस, हे मी अर्जात लिहिलं आहे आणि ते खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं. दोन महिने मी रोज सकाळी उठून ते पुन्हा खरं करत होते, कारण ते खरं असेपर्यंत मला तुझ्याशी भांडता येत होतं. दुसऱ्या कोणाशी भांडायचं होतं ते मला माहीत होतं, पण तिच्याशी एका खोलीत राहायचं आहे.

वखारीतून निघाले तेव्हा रघू म्हणाला, पुढच्या गुरुवारी एक मे, बंद असतं, त्याच्या पुढच्या गुरुवारी या. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, असंच. मी काही कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी दादरला विश्वस्तांच्या कार्यालयात गेले. अर्ज मागे घेतला नाही. त्यातलं फोनचं कलम मी माझ्या हाताने खोडलं आणि एक पान जोडलं: सहा तारखेला माझ्या पतीने रघूच्या फोनवरून मला तीनदा फोन केला, तो त्यांचा आहे हे मला माहीत होतं, मी उचलला नाही आणि नंतर बंद केला. खाली लिहिलं की फाईल उघडायला माझी संमती आहे. कारकुनाने विचारलं, "आजी, हे पान लावायचंच आहे का?" मी हो म्हटलं, दोन्ही पानांवर सही केली आणि पायी घरी आले.